चिलखत आणि आमचे दिग्दर्शक

आमच्या शीव कोळीवाड्यातल्या गणपतीत यंदा 'अफजलखानाचा वध' बसवला. महाराजांच्या अंगात चंदेरी रंग फासलेलं गोणपाट, आणि दिग्दर्शकांचा हुकूम : "चिलखत आहे ते! एकेक पाऊल उचलताना धाप लागली पाहिजे."

मी म्हटलं, "अहो, महाराज खानाच्या भेटीला निघालेत की दवाखान्यात?" झालं! पालखीच्या भोयाची माझी भूमिका गेली.

जाऊ दे. पण महाराजांना धाप? हे कसं सोसावं? चिलखत म्हणजे काही तिजोरी नव्हे. एकमेकींत गुंतवलेल्या लोखंडी कड्यांचं विणकाम ते. अंगाबरोबर वळतं, वाकतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांनी ते अंगरख्याच्या आत घातलं होतं. खानाचा वार त्यावर खरखरला, असं बखर सांगते. पुढच्या क्षणी खानाचं पोट फाटलं. हे धापा टाकणाऱ्याचं काम?

विलायतेतही तेच. पंधराव्या शतकातला पोलादी पत्र्यांचा अख्खा पोशाख वीस-पंचवीस किलोचा, तोही सगळ्या अंगावर वाटलेला. सरदार त्यासकट आपला आपण घोड्यावर चढे. त्याला यारीनं उचलून खोगिरावर ठेवण्याचा विनोद १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' सिनेमानं लोकांच्या डोक्यात पक्का बसवला. यारी लागते ती मला. गुरु तेग बहादूर नगरला (आमच्या तोंडी अजून कोळीवाडाच) पिशव्यांसकट गर्दीच मला उचलून लोकलमध्ये ठेवते.

प्रयोगात महाराज इतक्या सावकाश आले, की खानाला "आओ शिवाजी" तीनदा म्हणावं लागलं.