‘आपण’ आणि ‘आम्ही’

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतली दोन मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी जालन्याला जाणार होती. एक उर्दू बोलणाऱ्या घरातला, दुसरा मराठी. आदल्या दिवशी पहिला दुसऱ्याला मोठ्या हौसेनं म्हणाला, “उद्या आम्ही जालन्याला जाणार!” मित्राचा चेहरा पडला. “मग मी नाही का?” पोराला कळेचना आपलं काय चुकलं.

उर्दूत एका ‘हम’वर भागतं. मराठीत दोन ‘हम’ आहेत. ऐकणाऱ्याला सोबत घेतो तो ‘आपण’, त्याला बाहेर ठेवतो तो ‘आम्ही’. (तेलुगूतही असंच, ‘मनम’ आणि ‘मेमु’.) त्यात आपल्या मुलांच्या कानाला ‘आपण’ हा ‘आप’ वाटतो. पाचवीत आम्हीही असेच फसलो होतो. गुरुजी म्हणाले, “उद्या आपण कविता म्हणू.” आम्हाला वाटलं, गुरुजी आम्हालाच इतक्या अदबीनं सांगताहेत! रात्री जागून कविता पाठ केली. सकाळी उभं राहून तोंड उघडलं, तर सगळा वर्गच एका सुरात सुरू झाला.

काही गोष्टी तर पुस्तकात नसतातच. शेजारच्या काकूंकडे विरजण आणायला जायचो. निघताना “जाते काकू” म्हटलं की त्या दारातच अडवायच्या, “जाते म्हणू नये गं, येते म्हणावं.” घनसावंगीत मराठी आम्ही अशी उंबऱ्यावर शिकलो.

आजोबांच्या काळात हे उलटं होतं. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात, शिक्षण आणि दफ्तर उर्दूत. तेव्हा मराठी घरातली मुलं उर्दू गिरवत होती. आणि घरात आपण जी दखनी बोलतो तिच्यातला ‘नक्को’ आणि ‘ऐसाच’मधला तो ‘च’ मराठीचाच. तरी काही अम्मी म्हणतात, “मराठी ज्यादा बोला तो उर्दू बिगड जाती.” आमच्या अनुभवात एकीमुळे दुसरी बिघडली नाही, दोन्ही बिघडल्या त्या मोबाइलमुळे.

मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि त्यांनी फलटण गावात बोलली जाणारी मराठी हाच पीएच.डी.चा विषय घेतला. जाई निंबकरांसोबत परक्यांना मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली. पुढं त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. परदेशातून आलेल्या बाईंच्या मराठीचं कौतुक व्हायलाच हवं. पण आमचा जन्म इथला, पिढ्या इथल्या, मराठी शिकवण्यात आयुष्याची वीस वर्षं गेली. आणि एखाद्या कार्यक्रमात कुणी प्रेमानंच म्हणतं, “तुम्ही मराठी छान बोलता हो!” आम्ही ‘शुक्रिया’ म्हणतो. मनात मात्र तो ‘तुम्ही’ दिवसभर टोचत राहतो.

त्या पोराला आम्ही व्याकरण समजावलं नाही. एवढंच सांगितलं, “मित्रही सोबत असेल तेव्हा ‘आपण’ म्हण.” संध्याकाळी दोघं जालन्याहून परतले. बक्षीस मिळालं नव्हतं. आम्ही विचारल्यावर आमच्या पोरानं मित्राकडे बघून सांगितलं, “सर तर म्हणाले, आपला पंखा चांगला होता. वायरच सुटली.”

“वायर तू लावली होतीस,” मित्र म्हणाला.