सर्वात धोक्याची जागा : लोकलचा दरवाजा

जगात प्रवाशाने कोठे जाऊ नये, याच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते २०१८ पासून देशांना एक ते चार अशा पायऱ्या लावते आणि चौथ्या पायरीवरच्या देशात जाऊच नका, असे आपल्या नागरिकांना बजावते. अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया ही नावे त्या पायरीवर वर्षानुवर्षे आहेत. आमच्याकडची वर्तमानपत्रेही अशा याद्या चवीने छापतात. कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा ही नावे मात्र त्यांत नसतात. कारण या याद्या पर्यटकासाठी असतात. जायचे की नाही, हे पर्यटकाला ठरवता येते. सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ते ठरवता येत नाही. तो गेला नाही तर त्याचा त्या दिवसाचा पगार जातो.

आता आकडे पाहू. २०२३ या वर्षात जगभरात चारशे कोटींहून अधिक लोकांनी विमानाने प्रवास केला. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या हिशेबानुसार त्या वर्षी प्रवासी विमानांच्या अपघातांत ७२ माणसे दगावली. एव्हरेस्टवर गेल्या शंभर वर्षांत सव्वातीनशे ते साडेतीनशे माणसे मेली. आणि मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर त्याच २०२३ या एका वर्षात २५९० माणसे मेली. म्हणजे रोज सात. यातला मोठा वाटा रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूंचा आहे आणि त्याखालोखाल चालत्या गाडीतून पडून मेलेल्यांचा, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु रूळ ओलांडणाराही बहुधा कामावर निघालेला किंवा कामावरून परतणारा माणूसच असतो. पूल दूर असतो, अरुंद असतो, आणि गाडी चुकली तर साहेब हजेरी लावत नाही.

९ जून २०२५ चा सोमवार ठाणे जिल्हा विसरलेला नसेल. सकाळच्या गर्दीच्या वेळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसे लटकलेली होती. ती एकमेकांवर घासली आणि रुळांवर पडली. चौघे त्याच दिवशी गेले, नऊ जण जखमी झाले. मृतांत एक लोहमार्ग पोलीसही होता. ज्याने इतरांना लटकू नका म्हणून सांगायचे, तोच दारातल्या गर्दीत मेला. यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

बरोबर तीन दिवसांनी, १२ जूनला अहमदाबादेत विमान कोसळले आणि २६० माणसे गेली. ते दुःख मोठे होते आणि त्या दुःखाशी आमची कोणतीही स्पर्धा नाही. पण त्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात जाहीर झाला. टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले. हे योग्यच झाले. मुंब्र्याच्या प्रकरणात रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला जायला नोव्हेंबर उजाडला. त्या गुन्ह्याचा निकाल न्यायालय देईल, त्यावर आम्ही भाष्य करणार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की विमानातून पडलेला प्रवासी आणि लोकलमधून पडलेला प्रवासी एकाच राज्यघटनेचे नागरिक आहेत की नाहीत? अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क तिकिटाचा दर पाहून मिळतो काय?

'हे लोक दारात लटकतातच कशाला?' असे वातानुकूलित खोलीत बसून विचारणाऱ्यांना आम्ही सांगू इच्छितो की हौस म्हणून लटकणारी चार पोरे असतीलही. पण बाकीच्यांना आत जागा नसते म्हणून ते लटकतात. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, हे रेल्वेचेच मोजमाप आहे. जेवणाच्या पाटाएवढ्या चार पाटांच्या जागेत सोळा माणसे उभी करून पाहा! मुंबईत घर परवडत नाही म्हणून गिरणी कामगारांची मुले, सफाई कामगार, घरकामाला जाणाऱ्या बाया, दुकानातले नोकर खाडीपलीकडे फेकले गेले. १९९२-९३ च्या दंगलीनंतर जीव मुठीत धरून निघालेली मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आली. घरे इकडे वाढत गेली, रोजगार तिकडेच राहिला. ठाणे ते दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाला २००८ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो सुरू व्हायला २०२२ चा फेब्रुवारी लागला. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या रखडल्या आणि दिव्यात प्रवाशांचा उद्रेक झाला. दगडफेकीचे समर्थन आम्ही करत नाही. पण जलद गाड्यांना दिव्यात थांबा मिळाला तो त्यानंतर, २०१६ च्या डिसेंबरात. अर्ज-विनंत्यांनी जे झाले नाही ते उद्रेकानंतर का व्हावे, याचे उत्तर प्रशासनाने द्यायला हवे.

प्रवासातला धोका नेहमी रस्त्यात किंवा वाहनात असतो असे नाही. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर असताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. तेव्हा वस्तीतल्याच, टांगा कधी न हाकलेल्या माणसाने लगाम हाती घेतला आणि पुलावर बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. तिथे दोष घोड्याचा नव्हता, पुलाचा नव्हता आणि त्या बिचाऱ्या माणसाचा तर नव्हताच. कोणाच्या जिवाची किंमत किती, हे समाजाने आधीच ठरवून ठेवले होते, म्हणून तो अपघात झाला. आजच्या लोकलच्या दारात सर्व जातिधर्मांची माणसे लटकतात. पण किंमत आधीच ठरवून ठेवण्याची रीत तीच आहे.

कायदा काय सांगतो, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम ५७ म्हणते की प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी न्यायचे हे रेल्वे प्रशासनाने ठरवावे आणि तो आकडा डब्यावर ठळकपणे लिहावा. लोकलच्या गर्दीपुढे हे कलम कागदावरच राहिले आहे. कलम १२४-अ त्याहून महत्त्वाचे आहे. वैध तिकीट किंवा पास असलेला प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. 'तो दारात उभा होता, त्याचाच निष्काळजीपणा' हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच जमीला प्रकरणात फेटाळला आहे. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासीच नव्हता असे म्हणता येत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालाने स्पष्ट केले आहे.

मग गरिबाचा दावा हरतो कोठे? तो पंचनाम्यात हरतो. वकिली करताना आमच्याकडे एक आई आली होती. मुलगा गाडीतून पडून गेला, असे त्याचे सोबती सांगत होते. कागदावर मात्र 'रूळ ओलांडताना गाडीची धडक' असे लिहिले होते आणि खाली त्या माऊलीचा अंगठा होता. तिला कोणी वाचून दाखवले नव्हते. मुलाची पिशवी तिने तशीच ठेवली होती. त्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली चालू महिन्याचा पास निघाला. त्या चार शब्दांमुळे तिचा मुलगा कायद्याच्या नजरेत प्रवासी न राहता घुसखोर झाला होता. तो पास आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे एवढ्याच भांडवलावर आम्हाला तो पुन्हा प्रवासी ठरवण्यासाठी झगडावे लागले.

म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे. अशी वेळ कोणावरही येऊ नये. पण आलीच, तर वाचून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही-अंगठा देऊ नका. स्टेशन मास्तरचा मेमो, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागून घ्या. पास, तिकीट, पिशवी, मोबाईल जपून ठेवा. सोबत प्रवास करणाऱ्यांचे जबाब नोंदवायला लावा. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अपघाताच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करा. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून माफी मागता येते, हेही लक्षात ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी आणि बुद्धविहारांतल्या मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे. रडणाऱ्या घराला त्या वेळी सांत्वनाइतकीच कागद वाचणाऱ्या माणसाची गरज असते.

मुंब्र्यानंतर रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा केली. दारे बंद झालीच पाहिजेत. परंतु दारे बंद करून जे बाहेर राहतील, त्यांच्यासाठी दुसरी गाडी कोठे आहे? २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या आल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरला प्रवासी रस्त्यावर उतरले आणि रेल्वेला त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. सुरक्षितता जादा भाडे भरणाऱ्यालाच मिळणार असेल, तर ती सुरक्षितता नव्हे, ती सवलत झाली. जादा गाड्या, पंधरा डब्यांच्या फेऱ्या, रुंद पूल, स्थानकावर तातडीची वैद्यकीय मदत आणि कार्यालयांच्या बदललेल्या वेळा, हे सर्व साध्या पासाच्या दरात मिळाले पाहिजे. काकोडकर समितीने २०१२ मध्येच रुळांवरच्या या मृत्यूंना कत्तल म्हटले होते. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही प्रवाशांना गुरांसारखे कोंबून नेले जाते, याची लाज वाटते अशा आशयाचे खडे बोल सुनावले. त्यानंतर वर्षभरातच मुंब्रा घडले!

१६ एप्रिल १८५३ रोजी या देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला पोहोचली. त्या गाडीतले चारशे निमंत्रित सुखरूप उतरले, म्हणून तो दिवस इतिहासात नोंदला गेला. आज त्याच ठाण्याच्या वाटेवर माणूस संध्याकाळी घरी पोहोचला की त्याची बायको दिव्याला हात जोडते. रोज घरी परत येणे हे नशिबावर सोडायचे नसते, तो आमचा हक्क आहे. तो मागताना आम्ही विनवणी करणार नाही. कलम ५७ प्रमाणे डब्यावर लिहायचा तो आकडा कोठे आहे, एवढेच विचारू. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू.