पिसे गाळणारे बदक रोगी नव्हे

परसातल्या बदकाची पिसे एकाएकी मूठमूठ गळू लागली, माणसाची चाहूल लागताच ते पिंपाआड दडू लागले आणि मादीने अंडी देणे थांबविले, म्हणजे त्यास रोग जडल्याची घरात खात्रीच होते. मग कोणी प्रतिजैविकाची पूड आणून त्याच्या पाण्यात कालवितो, तर कोणी निकामी पक्षी म्हणून त्यास खाटकाकडे पाठविण्याची तजवीज करतो. हे दोन्ही उपाय मला अन्यायाचे वाटतात, कारण पिसे गाळणे ही व्याधी नसून निरोगी देहाने ठरावीक काळी हाती घेतलेले, अतिशय खर्चाचे असे नूतनीकरण आहे.

मस्कोव्ही हे बदक वगळता आपली पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकाची वंशज होत. कोंबडी पंखांची पिसे क्रमाक्रमाने बदलते. मॅलार्ड मात्र उड्डाणाची सर्व पिसे एकदमच टाकून देतो आणि तीनचार आठवडे उडण्यास असमर्थ होऊन पाणवनस्पतींच्या आडोशाने दिवस काढतो. देह जड व पंख तोकडे असल्यामुळे थोडी पिसे उणी होताच ज्याचे उड्डाण दुष्कर होते, त्याने दीर्घकाळ अधू राहण्यापेक्षा ही असमर्थता एकदाच सोसून मोकळे व्हावे, हे युक्तच आहे. आणि त्या काळातील भय पाळीव बदकाच्याही रक्तात टिकून राहिले आहे.

नराची कथा तर विलक्षणच आहे. विणीचा हंगाम सरला की मॅलार्ड नर डोक्यावरची हिरवी झळाळी व शेपटीवरची वळलेली पिसे टाकून मादीसारखा मातकट वेष धारण करतो, आणि पाळीव रंगीत जातींतही हा पालट दिसत असल्याने नराची मादी झाली की काय, असा भ्रम पाळणाऱ्यास होतो. अशा वेळी कानांवर विश्वास ठेवावा. मादीचा आवाज खणखणीत असतो, नराचा दबका व घोगरा. वस्तुतः या कुळात भडक रंग हीच देहाची मूळ प्रवृत्ती असून मादीचा फिका वेष तिच्या अंडाशयातील संप्रेरकाच्या अमलाखाली घडतो, म्हणूनच वृद्ध मादीचे अंडाशय थकले की तिलाही कधी नराचे रंग फुटतात. आपल्या तळ्यांवरच्या हळदी-कुंकू बदकाच्या नरात मात्र हे वेषांतर आढळत नाही.

पीस जवळजवळ सर्वस्वी प्रथिनाचेच असते आणि त्याच्या घडणीस गंधकयुक्त अमिनो आम्ले विपुल लागतात. देहाची पुंजी अशी पिसांकडे वळली म्हणजे अंडी थांबणे क्रमप्राप्तच होय. या मुदतीत पाव किंवा नुसता भात घालणे ही उपासमारच. कडधान्यांतही मेथिओनिन हे असे गंधकयुक्त आम्ल तोकडे असल्याने कोंबडखाद्याला बिनमिठाच्या सुकटीची जोड द्यावी आणि डोके पूर्ण बुडेल इतके खोल, स्वच्छ पाणी द्यावे. नव्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते. ती मोडली की वेदना होते व रक्त वाहते, म्हणून पंखास धरून बदक उचलणे या काळात सर्वथा वर्ज्य समजावे.

आठवडे लोटूनही नवे कोंब फुटत नसतील, कातडीवर उवा वा जखमा दिसतील, किंवा बदक अन्न टाकून मलूल बसेल, तर पशुवैद्यास अवश्य दाखवावे. परंतु असे काही लक्षण नसता औषध पाजणे निष्फळ आहे, आणि अंड्यांचा तगादा लावून पक्ष्याच्या जिवावर उठणे त्याहून गर्ह्य. व्यापारी कुक्कुटपालनात अंडी पुन्हा वाढावीत म्हणून कोंबड्यांना उपाशी ठेवून पिसे गाळावयास लावण्याची जी रीत होती, ती 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याशी विसंगत असल्याचे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2011 साली बजावले. घरच्या बदकाला तर कोणी मुद्दाम उपाशी ठेवीत नाही. त्याचे खाणे पिसे बदलण्याच्या मुदतीत थोडे वाढवावे आणि त्याच्याकडे अंडी मागू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.