नाथांच्या गाढवाचे पुढे काय झाले?

पैठणच्या एकनाथमहाराजांची ती गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडावयाचा नाही. काशीची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव, आणि देवाच्या अभिषेकासाठी जिवापाड जपलेले ते गंगाजल नाथांनी त्या मुक्या जनावराच्या तोंडात ओतणे! कीर्तनकारांनी ती गोष्ट रंगवून सांगितली, क्रमिक पुस्तकांनी छापली, आणि आपण सर्वांनी लहानपणी ती ऐकून डोळे पुसले. परंतु एखाद्या श्रोत्याने मध्येच उभे राहून, ‘बुवा, पाणी प्यायल्यावर त्या गाढवाचे पुढे काय झाले?’ असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

प्रश्न नाथांना नाही. नाथांनी आपल्याजवळ होते ते सगळे दिले. प्रश्न श्रोत्यांना आहे. भर उन्हात वाळूत पडलेले गाढव काही केवळ तहानेने पडत नाही. ते बहुधा म्हातारे झालेले असते, त्याचे खूर वाढून वाकडे झालेले असतात, पाठीवर खोगिराने घासून पडलेली जखम चिघळलेली असते, आणि आता याच्याच्याने ओझे ओढवत नाही असे पाहून धन्याने त्याला मोकळे सोडलेले असते. ‘मोकळे सोडणे’ हा शब्द किती गोड आहे पाहा! अशा जनावराला कावडभर पाणी पाजल्याने त्याचा त्या दिवसाचा प्रश्न सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा त्याच वाळूत उभे असते, आणि नाथ तर पुढच्या मुक्कामाला गेलेले असतात.

आजच्या भूतदयेचे नेमके हेच झाले आहे, आणि हा लेख लिहावयाचे कारणही तेच. गाढव ‘सोडवण्याचा’ उत्साह आपल्याकडे अलीकडे चांगलाच वाढला आहे. वीटभट्टीवरून, वाळूच्या पात्रातून, रस्त्याच्या कडेवरून एखादे लंगडे गाढव उचलले जाते, गाडीत घातले जाते, त्याच्या गळ्यात हात टाकून छायाचित्रे निघतात, चार लोक ‘धन्य’ म्हणतात. येथवर सगळे यथास्थित. पण सुटका ही एका दुपारची गोष्ट आहे आणि सांभाळ ही वीस वर्षांची. नीट ठेवलेले गाढव पंचवीस-तीस वर्षे सहज जगते, कधी त्याहूनही अधिक. दहा वर्षांचे अधू गाढव घरी आणणाऱ्याने पुढची पंधरा-वीस वर्षे अंगावर घेतलेली असतात. ती कोणाच्या खर्चाने जावयाची, हे त्या छायाचित्रात कोठेच दिसत नाही.

हिशेब मांडायला मला लाज वाटत नाही. आपल्याकडचे गाढव अंगाने लहान, वजन दीडशे किलोंच्या आत. त्याला दिवसाला सुमारे दोन किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वीस वर्षांची झाली चौदा टनांहून अधिक. खूर आपल्या नखांसारखे वाढतच राहतात. राबणाऱ्या जनावराचे दगडमातीवर झिजतात, बसलेल्याचे झिजत नाहीत. ते दीड-दोन महिन्यांनी तासावे लागतात. वर्षातून सहा वेळा धरले तरी वीस वर्षांत एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक वेळी चार पाय! दातही जन्मभर वाढतात. वर्षातून एकदा ते कानशीने घासले नाहीत तर धारदार होऊन गालफडे कापतात आणि जनावर भरल्या गव्हाणीपुढे उपाशी राहते. धनुर्वाताची लस, जंताचे औषध, खरजेवरचा इलाज ही आणखी निराळी. हे सगळे अधू नसलेल्या गाढवाचे झाले. मोडलेला पाय वाकडा जुळलेल्या, डोळा गेलेल्या किंवा श्वास चांगला चालावा या अडाणी समजुतीने नाकपुड्या चिरलेल्या जनावराचे मानाल तेवढे अधिक.

आणि हे जनावर बोलत नाही. घोडा दुखले तर आकांत करतो. गाढव दुखणे लपवते. त्याने खाणे सोडले एवढीच काय ती खूण, आणि ती दिसली तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी उतरते आणि चार-आठ दिवसांत खेळ आटोपतो. नुसता जोडीदार दुरावला तरी असे होते, कारण गाढवे जोडीने राहतात आणि त्या जोडीचा लळा फार. तेव्हा सांभाळणारा माणूस रोज त्या गव्हाणीपुढे उभा असला पाहिजे, आणि त्याला पगार मिळाला पाहिजे. हौशी मंडळी रविवारी येऊन गाजरे चारतात, बरोबर गूळही आणतात. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण येथे अगदी निराळ्या अर्थाने खरी आहे. गोडधोड आणि सकस खाणे गाढवाला मानवत नाही. त्याने खुरांना सूज येते आणि जनावर जन्माचे लंगडे होते. त्याला साधे काड लागते. पण काड चारतानाचे छायाचित्र तितकेसे उठून दिसत नसावे.

मी हे सारसोळ्यातून लिहीत आहे. आमचे सारसोळे म्हणजे नेरूळच्या सेक्टरांच्या पोटात उरलेले जुने आगरी-कोळी गाव. एका अंगाला पाम बीच रस्ता, त्यापलीकडे जेट्टी, खारफुटी आणि खाडी. 1970 साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, आणि जेथे शेते आणि मिठागरे होती तेथे इमारती उभ्या राहिल्या. (शिलाहार-यादवांच्या काळी आमच्या कोकणात जमिनीचे दान दिले की ते मोडणाराला शिवी म्हणून गाढव कोरलेला दगड रोवीत, त्याला गधेगाळ म्हणतात. जमिनीची राखण गाढवावर सोपवण्याचा तो प्रयोग कितपत साधला, हे आम्हा नवी मुंबईकरांना कोणी न सांगितलेले बरे.) सांगावयाचे ते असे की, येथे दोन गाढवे उभी करावयाची म्हटली तर जागा चौरस फुटांनी मोजावी लागते. शिवाय गाढव हे जात्याच कोरड्या मुलुखाचे जनावर. त्याचा पूर्वज आफ्रिकेतल्या खडकाळ रानात वाढला. त्याच्या केसांवरून पाणी घोड्याच्या केसांसारखे ओघळून जात नाही, मुरते. आणि आमच्या चार महिन्यांच्या चिखलात त्याचे खूर कुजतात. येथल्या माणसाला गाढव पाळता येणार नाही. पैसे मात्र देता येतील, आणि माझे भांडण त्या पैशांविषयीच आहे.

‘दत्तक’ आणि ‘पालकत्व’ हे शब्द सध्या फार स्वस्त झाले आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वाघ आणि बिबटे वर्षाच्या बोलीने दत्तक घेता येतात. ती योजना चांगली आहे. पण वाघाला पालक मिळतो याचे कोणाला नवल? गाढवाचे पालकत्व घेणारा सद्गृहस्थही प्रथम पिल्लू मागतो. कान मोठे, डोळे काळेभोर, अंगावर लव असलेले पिल्लू! म्हाताऱ्या, एका डोळ्याच्या, ढुंगणावर डाग दिलेल्या गाढविणीला कोणी नाव ठेवायला पुढे येत नाही. आणि मुदत किती? एक महिना. वाढदिवसाची भेट म्हणून सहा महिने. फार झाले तर एक वर्ष. दत्तक घेतलेला मुलगा वर्षाने परत करणाऱ्या बापाला आपल्या समाजात काय म्हणतात ते मी येथे लिहीत नाही.

कोणी म्हणेल, अहो, सामान्य माणसाने वीस वर्षांची हमी द्यावी कशी? मी त्यालाच विचारतो: आपण सदनिका घेतलीत, त्या सोसायटीचा मेंटेनन्स किती वर्षे भरणार आहात? लिफ्ट एकदा बसवली, आता दरमहा कसले पैसे, असे म्हणणारा सभासद सर्वसाधारण सभेत उभा राहिला तर बाकीचे त्याला खाली बसवतात. लोखंडाच्या पेटीला देखभाल लागते हे ज्याला समजते, त्याला हाडामांसाच्या जिवाला ती लागते हे समजू नये काय? एका इमारतीतल्या चाळीस बिऱ्हाडांनी मिळून एका अधू गाढवाचा भार उचलला, तर एकेका घरावर दरमहा पडणारी रक्कम चहाच्या खर्चातही दिसणार नाही. अट एकच, ती थांबता कामा नये.

आमच्या पूर्वजांना हे समजत होते. मुंबईत 1832 साली इंग्रज अंमलदारांनी भटकी कुत्री मारावयास घेतली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, मोठी दंगल झाली. पण दंगलीवर ते प्रकरण संपले नाही. 1834 साली जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्याबरोबरच्या शेटसावकारांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. आणि ती चालावी म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपखुशीने लाग बसवून घेतली. माल उतरला की पांजरपोळीचे पैसे निघाले. त्या दिवशी व्यापाऱ्याच्या मनात दया होती की नव्हती, हा प्रश्नच उरला नाही! ती पांजरपोळ आजही तेथे आहे. विलायतेतही हाच अनुभव. डेव्हन परगण्यात एलिझाबेथ स्वेंडसेन या बाईंनी 1969 साली गाढवांचा सांभाळ सुरू केला. 1974 साली दुसरी एक म्हातारी वारली आणि तिने मृत्युपत्राने एकदम 204 गाढवे या बाईंच्या नावे करून ठेवली. त्यांनी ती घेतली. पुढे त्या संस्थेने दत्तक योजना काढली तीही शहाणपणाने: दाखवायला मोजकी गाढवे, पण येणारा पैसा सगळ्यांच्या पोटात. कुरूप गाढव सुरूप गाढवाच्या कमाईवर जगते. यात मला कसलीही फसवणूक दिसत नाही, उघडपणे सांगितले म्हणजे झाले.

आता नेहमीचा आक्षेप: माणसे उपाशी असताना गाढवांचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप घेणारे गृहस्थ उपाशी माणसांसाठी काय करीत असतात ते मी बरीच वर्षे पाहत आहे. पण त्यातला खरा भाग मी सोडणार नाही. ज्याचे गाढव जप्त होते तो कोण असतो? वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, परीट. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात दात पाहून, दुवान की चौवान याची घासाघीस करून त्याने ते कर्जाच्या पैशाने घेतलेले असते. कायदा म्हणतो (1965 चे नियम आहेत), गाढवावर 50 किलोंहून अधिक ओझे घालू नये. वीट तीन किलोंची धरली तर सोळा विटा झाल्या. सोळा विटांच्या खेपेवर त्याचे पोट भरेल असा दर भट्टीवाला देतो काय? आणि त्या विटांच्या घरात राहणारे आपण, घर स्वस्त पडावे म्हणून घासाघीस करतोच की. तेव्हा गाढव सोडवताना त्याच्या धन्याला चोर ठरवून मोकळे होणारी दया मला मान्य नाही. सांगलीकडे 2003 पासून काम करणाऱ्या ‘ॲनिमल राहत’ या संस्थेने भट्ट्यांवर गाढवांच्या जागी ट्रॅक्टर यावेत म्हणून खटपट केली आणि सुटलेली जनावरे सांभाळली. ही खरी दिशा. धन्याच्या भाकरीची सोय केल्यावाचून एक गाढव सोडवाल, तर पुढच्या पौषात तो दुसरे घेऊन येईल.

कायद्याच्या भरवशावर तर राहूच नये. 1960 च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्यात निर्दयतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. दहा रुपये! एवढ्यात त्या जनावराची एका दिवसाची वैरणही यावयाची नाही.

‘मग इंजेक्शन देऊन सोडवा त्याला एकदाचे,’ असेही सुचवणारे आहेत. ज्याच्या यातना थांबण्याजोग्या नाहीत त्याला डॉक्टरांनी शांतपणे मरण द्यावे याला माझी हरकत नाही. तेथे अडवणारी दया ही दया नव्हे. परंतु ‘बरे होणार नाही’ आणि ‘परवडत नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे, आणि पुष्कळदा पहिले वाक्य उच्चारून दुसऱ्याचे काम साधले जाते.

शिवाय ही जातच सरत चालली आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवे होती. 2019 मध्ये ती सव्वा लाखांवर आली. काही जागा यंत्रांनी घेतली, आणि काही जनावरे आंध्रात मांसासाठी गेल्याच्या व कातड्याच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या आहेत. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एक औषधी सरस बनवतात. त्यापायी आफ्रिकेतील गाढवे इतकी मारली गेली की 2024 साली आफ्रिकी राष्ट्रांच्या संघाला हा व्यापार बंद करण्याचा ठराव करावा लागला. म्हणजे आज मोकळे सोडलेले गाढव नुसते रस्त्यावर राहत नाही. त्याला न्यायला कोणीतरी येतोच.

तेव्हा गाढवे सांभाळणाऱ्या संस्थांकडे माझे मागणे अगदी रोकडे आहे. जनावर उचलण्याआधी त्याच्या पंधरा वर्षांच्या वैरणीची तजवीज कोठून होणार ते कागदावर मांडा, आणि तजवीज नसेल तर ज्याची आहे अशाला बोलवा. एका गाढवाला एक पालक हा हट्ट सोडा. दहा पालक लावा, म्हणजे एक गळाला तरी गव्हाण रिकामी राहणार नाही. देणाऱ्याला दरमहा पिल्लाचे छायाचित्र पाठवू नका, खुरे तासल्याची तारीख आणि काडाचे बिल पाठवा. आणि तो जो पालकत्वाचा छापील अर्ज आहे, त्यात मुदतीपुढे ‘एक महिना, सहा महिने, एक वर्ष’ असे तीन चौकोन असतात. त्यांच्या खाली चौथा चौकोन छापा: ‘जनावर जगेल तोवर’. आमच्या सारसोळ्यात त्या चौकोनावर खूण करणारी माणसे किती निघतात ते मोजायला मी स्वतः दारोदार फिरेन.