नाव कोणतं छापायचं?

छत्रपती संभाजीनगरचा विषय निघाला की आपल्या मंडळात वेरूळ, हिमरू आणि नान खलिया हमखास येतात. तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी दिलेला एक निकाल मात्र कुणाच्या तोंडी नसतो.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून तो बाद झाला. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो स्वीकारायला लावला. आपण स्त्री की पुरुष हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं होतं. सोयीसाठी पुन्हा कधी पुरुष म्हणवून घेणार नाही, अशी हमी अंजलींनी वकिलामार्फत दिली. पुढे त्या निवडून आल्या.

ती हमी वाचून मी थबकलो. सोयीसाठी ओळख बदलायची नाही, हे त्यांना कोर्टात कबूल करावं लागलं. इथे परदेशात आपल्याकडे उलट आईवडीलच ती बदलायला लावतात, आणि सोय असते घरच्यांची. कॉलेजात, नोकरीत तृतीयपंथी मुलीचं एक नाव. रविवारी भारतातल्या आजीचा व्हिडिओ कॉल आला की केस मागे बांधायचे, कानातलं काढायचं, ढगळ शर्ट चढवायचा आणि जुन्या नावाला ‘ओ’ द्यायची. ‘आजीचं वय झालंय, तिला कशाला त्रास?’ (आजीला विचारलंय कुणी?) २०१९ च्या भारतीय कायद्याने तृतीयपंथी मुलाला केवळ त्या कारणावरून घरापासून तोडायला मनाई केली. घरात ठेवून असं अर्धंमुर्धं जगायला लावणं कुठल्या कलमात बसवायचं?

‘लोक काय म्हणतील’ यातले लोक, परदेशात तरी, बहुतेक आपणच असतो. गणपतीच्या हॉलमध्ये ‘मुलगा दिसला नाही हल्ली?’ असं विचारणारे.

म्हणून यंदापासून मंडळाच्या नोंदणीच्या अर्जातला स्त्री/पुरुष हा रकाना काढला आहे. बॅज आणि स्मरणिकेतलं नाव सभासद सांगेल तेच. बैठकीत एकीने रास्त शंका काढली: स्मरणिका भारतातही पोचते, घरी माहीत नसेल तर आपणच बिंग फोडू. तेव्हा प्रत्येक सज्ञान सभासदाला वेगळं विचारू, बॅजवर कोणतं नाव आणि छापायचं कोणतं. कुटुंबाचा अर्ज वडिलांनी भरून पाठवला असला तरी.