लाळ एकाची, माहिती साऱ्या गोतावळ्याची

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी जनुकचाचणी कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. चोरांनी प्रत्यक्षात फोडली ती जेमतेम १४ हजार खाती. तीही मोठी करामत करून नव्हे. इतर संकेतस्थळांवरून आधीच फुटलेले पासवर्ड लोकांनी इथेही वापरले होते, एवढेच. पण माहिती बाहेर गेली सुमारे ६९ लाख लोकांची. १४ हजारांचे ६९ लाख झाले ते नातेवाईक शोधून देणाऱ्या सुविधेमुळे. प्रत्येक खात्यातून त्या व्यक्तीच्या शेकडो दूरच्या भावंडांची माहिती दिसत होती. त्यातून ज्यू आणि चिनी वंशाच्या ग्राहकांच्या याद्या वेगळ्या काढून विक्रीला ठेवल्या गेल्या.

ही कंपनी पुढे मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुमारे दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती लिलावात आली आणि जुलैमध्ये कंपनीच्याच सहसंस्थापिकेच्या ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरना ती घेतली. दुसऱ्या कोणी घेतली असती, तर लाळ देणाऱ्यांच्या हाती खाते पुसून टाकण्यापलीकडे फारसे काही नव्हते. त्यांच्या नातेवाइकांच्या हाती तर तेवढेही नव्हते.

नाते कळते कसे? आईवडिलांकडून प्रत्येकी निम्मा डीएनए येतो. एकाच आजी-आजोबांच्या नातवंडांमध्ये, म्हणजे चुलत, आते, मामे, मावस भावंडांमध्ये, सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येते. दर पिढीत पत्ते पिसावेत तसा डीएनए पिसला जात असल्याने अशा दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत ओळखू येईल असा एकही समान तुकडा उरत नाही. आणखी एक पिढी मागे गेले, तर निम्म्या जोड्यांचे नाते चाचणीला दिसतच नाही. शिवाय तुकडा जुळला तरी तो कोणामार्फत आला, हे यंत्र सांगत नाही. मराठीत चुलत वेगळा आणि मावस वेगळा. अहवालात सगळे एकच. म्हणून वंशावळ लागते.

ही जोडी किती प्रभावी ठरते, ते कॅलिफोर्नियात दिसले. तेथे १९७० आणि ८० च्या दशकांत १३ खून व अनेक बलात्कार करणारा गुन्हेगार दशकानुदशके सापडत नव्हता. पोलिसांनी जुन्या नमुन्यातील डीएनएची माहिती ‘जेडमॅच’ या खुल्या संकेतस्थळावर टाकली. दूरचे काही नातेवाईक जुळले, त्यांच्या वंशावळी खापरपणजोबांच्याही मागे नेऊन पुन्हा खाली उतरवल्या गेल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये एक माजी पोलीस पकडला गेला. त्याने स्वतः लाळ कुठेही दिली नव्हती. त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकातील एका अभ्यासाने सुमारे १३ लाख लोकांच्या साठ्यावरून दाखवले, की युरोपीय वंशाच्या कोणाही व्यक्तीचा शोध घेतल्यास ६० टक्के वेळा खापरपणजोबांइतके किंवा त्याहून जवळचे नाते सापडते. खुनी सापडला याचा आनंद रास्तच आहे. पण हेच जाळे दत्तक दिलेल्या मुलाची आई, वीर्यदाता किंवा घरात कधीच न उच्चारलेले पितृत्वही वर काढते, आणि तेव्हा ज्यांचे आयुष्य ढवळून निघते त्यांना कोणी विचारलेले नसते.

भारतीयांच्या बाबतीत उत्तरही गोंधळाचे येते. पिढ्यानपिढ्या जातीतच लग्ने आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची पद्धत. त्यामुळे दोन माणसे एका नव्हे, चार-पाच वाटांनी नात्यात असतात. जुने छोटे तुकडे साठत जातात आणि कितीतरी पिढ्या मागचे नाते अहवालात जवळचे भासते. वंशावळीने ते दुरुस्त करावे, तर आपले कुळवृत्तांत आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या मुख्यतः पुरुषांच्या मागाने जातात. लेक सासरी गेली, तिचे आडनाव, पुष्कळदा नावही बदलले, की तिची शाखा कागदावरून पुसट होते. डीएनए मात्र तिच्याही वाटेने तेवढाच येतो.

थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगासाठी दूरच्या भावंडांची माहिती खरोखर मोलाची असते. मात्र त्यासाठी परदेशी कंपनीला लाळ पाठवावी लागत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, मामा-मावशांच्या शाखांसह तीन पिढ्यांचा तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला, तर नेमकी कोणाची आणि कोणती तपासणी करायची ते ठरते.

भारतात डीएनए तंत्रज्ञानाचे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. त्याचा भर गुन्हे, बेपत्ता व्यक्ती आणि पालकत्वाच्या वादांवरच होता. त्याच वर्षीचा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमती मागतो ती माहिती देणाऱ्याची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुतण्याने हौसेने नळी भरून पाठवली, तर साताऱ्यातल्या काकांची संमती कोणी घ्यायची, याबद्दल त्यात काही नाही. चाचणी करायचीच असेल, तर आधी सख्ख्या भावंडांशी बोलावे आणि नातेवाईक जुळवण्याची सुविधा बंद ठेवावी. पुढे गरज वाटल्यास ती सुरू करता येते. एकदा बाहेर गेलेली यादी परत मागवता येत नाही.