निवड गिऱ्हाइकावर सोडू नका

पासपोर्टचा फोटो आता पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, आधारचा आधार केंद्रात. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओचे बारमाही काम यात गेले. लग्नसराई संपल्यावर दुकानाचे भाडे कसे निघायचे, ही चिंता आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यात असते. अशा वेळी ‘लिंक्डइनसाठी फोटो काढायचाय’ म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण पासपोर्टच्याच स्टुलावर बसवतो. पांढरा पडदा, हनुवटी जरा खाली, हलू नका. मग बारा-पंधरा फ्रेम पेनड्राइव्हवर टाकून देतो आणि सांगतो, ‘यातला आवडेल तो लावा.’

या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. फोटो काढण्याचे पैसे आपण घेतो, पण त्यातला कामाचा कोणता हे ओळखायचे अवघड काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. आणि ते त्याला जमत नाही.

हे मी मनाचे सांगत नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वतःच्या फोटोंमधून प्रोफाइलसाठी फोटो निवडायला सांगितले, आणि त्याच फोटोंमधून अनोळखी माणसांकडूनही निवड करून घेतली. मग दोन्ही निवडी तिसऱ्याच लोकांपुढे ठेवल्या. अनोळखी माणसांनी निवडलेल्या फोटोंची छाप अधिक चांगली पडली. आपापला चांगला फोटो आपल्यालाच ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. प्रिन्स्टनच्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिले होते की चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागापुरता दिसला तरी माणूस विश्वासाचा आहे की नाही, कामाचा आहे की नाही याबद्दल पाहणाऱ्याचे मत तयार होते. ते मत बरोबर असतेच असे नाही. पण एकाच माणसाच्या दोन फ्रेमही वेगवेगळे मत घडवत असतील, तर त्यातली कोणती पुढे जाते याला मोठे महत्त्व येते.

निवड चुकण्याचे एक कारण आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. ‘माझं तोंड वाकडं आलंय’ ही तक्रार ऐकली नाही असा स्टुडिओ नसेल. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, त्यामुळे त्याच्या ओळखीचा चेहरा उलटा असतो. माणसाला स्वतःची आरशातली प्रतिमा आवडते आणि त्याच्या मित्रांना खरी, हे १९७७ च्या एका प्रयोगात दिसले आहे. अशा गिऱ्हाइकाला स्क्रीनवर फोटो क्षणभर उलटा करून दाखवा, त्याची तक्रार बहुधा तिथेच मिटेल. मात्र उलटा फोटो हातात देऊ नका. भांग बाजू बदलतो, शर्टाची बटणपट्टी फिरते, पदर उजव्या खांद्यावर जातो.

मग निवडायचे कोणी? माझे मत असे, की फोटो काढणाऱ्यानेही एकट्याने निवडू नये. कोणत्या फ्रेमसाठी आपण घाम गाळला हे आपल्याला ठाऊक असते आणि तीच आपल्याला आवडते. शूटच्या वेळी आत नसलेला मदतनीस किंवा काउंटरवर बसणारी मुलगी यांना बोलवा. डोळे मिटलेल्या आणि हललेल्या फ्रेम आधी काढून टाका. उरलेल्या मोठ्या मॉनिटरवर दाखवू नका, मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढ्या करून दाखवा, कारण पाहणारा त्या तेवढ्याच पाहणार आहे. ‘छान कोणता?’ असे विचारू नका. गिऱ्हाईक सीए असेल तर विचारा, ‘यातल्या कोणाकडे तुझे हिशेब देशील?’ या प्रश्नावर बोट पटकन एका फोटोवर जाते. अशा दोन-तीन फ्रेम गिऱ्हाइकापुढे ठेवा. शेवटचा नकार त्याचाच, चेहरा त्याचा आहे.

अर्थात निवडीला आधी चांगला माल हवा. सेल्फीशी आपली स्पर्धा अंतरावर जिंकता येते. एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासाचे गणित आहे. पाच-सहा फूट मागे सरका, फुल फ्रेमवर ८५ मिमी लावा. लिंक्डइन फोटो गोल कापते, तेव्हा कोपऱ्यात काही ठेवू नका. चेहऱ्याने चौकटीचा ६० टक्के भाग व्यापावा, हा त्या कंपनीचाच सल्ला आहे. रोज चष्मा लावणाऱ्याचा चष्मा काढायला लावू नका. दिवा वर घ्या, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, चमक जाते.

रंगाबद्दल मात्र मला थांबून बोलायचे आहे. पांढऱ्या पडद्यासमोर सावळा माणूस बसला की ऑटोवरचा कॅमेरा पडद्याला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मग आपण फोटोशॉपमध्ये चेहरा उजळतो, तो राखाडी होतो, त्यावर गुलाबी चढवतो आणि स्किन स्मूथची ॲक्शन चालवतो. गिऱ्हाईकही ‘जरा गोरा करा’ म्हणते. पत्रिकेसोबत जाणाऱ्या फोटोत आपण वर्षानुवर्षे हेच करत आलो. कामाच्या फोटोत हे करू नये, असे मला कळकळीने वाटते. मुलाखत घेणाऱ्याने जो चेहरा पाहिला तोच दारातून आत यायला हवा. मीटरिंग चेहऱ्यावर करा, माणसाला पडद्यापासून पाच फूट पुढे बसवा, पडद्याला वेगळा दिवा द्या. सावळा रंग नीट एक्स्पोज झाला तर त्याला उजळावे लागत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने आपला फोटो ‘प्रोफेशनल’ करून दे असे एआयला सांगितले, तर त्याने तिला गोरी आणि निळ्या डोळ्यांची करून दिले. ते यंत्र होते. आपल्यासमोर तर जिवंत माणूस बसलेला असतो.

‘टिकली काढू का? मंगळसूत्र आत घालू?’ हेही बायका आपल्याला विचारतात. कोणी हिजाबबद्दल विचारते. उत्तर आपल्या आवडीनिवडीवरून देऊ नका. ‘ऑफिसला कशा जाता?’ एवढेच विचारा आणि तसा फोटो काढा. ब्लेझर भाड्याने ठेवणारे स्टुडिओ मला माहीत आहेत. रोज ब्लेझर घालणाऱ्याला तो शोभतो, बाकीच्यांचे खांदे त्यात उसने दिसतात. इस्त्री केलेला साधा शर्ट पुरतो.

निवडीला लागणाऱ्या वेळाचे पैसे वेगळे लावा आणि ते दरपत्रकावर लिहा. गिऱ्हाइकाला मूळ फोटो द्या, गोल चौकटीत बसणारी चौरस प्रतही द्या, फाइलच्या नावात साल घाला. दाढी वाढली, केस पिकले की तोच माणूस परत येईल.

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम सुरू होण्याआधी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजशी बोलून पाहा. एका वर्गात पडदा आणि दोन दिवे एवढ्यावर दिवसभराचे काम होईल. मेकॅनिकलच्या मुलांचे फोटो मात्र कॉम्प्युटरच्या मुलांकडून निवडून घ्या, आणि त्यांचे यांच्याकडून.